वेस्टरडोंकची संथ तबकडी

गोदलीवला कुणी काही शिकवायला गेलं की ती आधी हातातला पेला पुसून खाली ठेवायची, मग समोरच्याकडे बघायची, आणि बहुतेकांना आपण काय शिकवणार होतो तेच आठवेनासं व्हायचं. शेल्ड नदीच्या बांधाखाली, वेस्टरडोंक गावात, तिचं ‘दे रायगर’ नावाचं कॅफे होतं. आठवडाभर तिथं वीटभट्टीवरचे कामगार आणि होडीवाले बसून पत्ते कुटायचे, बिअर प्यायचे आणि सरकारला शिव्या घालायचे. रविवारी दुपारी मात्र टेबलं भिंतीला लागायची, फरशीवर टाल्कम पावडर भुरभुरायची, आणि आसपासच्या गावांतली माणसं इस्त्रीचे कपडे घालून नाचायला यायची.

नाचायला म्हणजे उड्या मारायला नव्हे. उड्या मारायच्या असतील तर ब्रुसेल्सला जावं, असं गोदलीव सांगायची. तिथं हल्ली रंगीत दिवे फिरतात आणि माणसं एकमेकांना हात न लावता एकेकटी घुसळतात. ‘दे रायगर’मध्ये जोडीदाराचा हात हातात घेऊन, पाय फरशीवरून जवळजवळ न उचलता, सावकाश झुलत नाचायचं. गिरकी घ्यायचीच तर ती अशी, की टेबलावरच्या मेणबत्तीला कळू नये.

गाणी मात्र सगळी अमेरिकेची. तीही अमेरिकेनं टाकून दिलेली. तिकडे न खपलेल्या तबकड्यांचे गठ्ठे जहाजातून अँटवर्पच्या बंदरात उतरायचे, आणि तिथले व्यापारी ते किलोनं विकल्यासारखे विकायचे. गोदलीवला या संगीताची चटक महायुद्ध संपता संपता लागली होती. तेव्हा ती पोरसवदा होती आणि अमेरिकन सैनिकांच्या खानावळीत भांडी घासायची. इंग्रजीही तिथंच शिकली, त्यामुळे तिच्या इंग्रजीत सभ्य शब्द थोडे कमीच होते.

अडचण एकच होती. ही गाणी वेस्टरडोंकच्या पायांना फार घाईची वाटत. म्हणून तिच्या नवऱ्यानं, आखीलनं, प्लेअरला एक कळ बसवून दिली होती. ती पिळली की तबकडी हवी तितकी संथ फिरायची. अर्थात तबकडी संथ झाली की आवाजही खाली उतरतो, जाड होतो. त्याचं कुणाला काही वाटत नसे. सगळ्या मुलखात, जिथं जिथं असा रविवार व्हायचा तिथं तिथं, हेच चालायचं. आणि आपली चांगली तबकडी कुणाची आहे हे शेजारच्या गावच्या कॅफेवाल्याला कळू नये, म्हणून नावावर पांढरा कागद डकवायची पद्धतही सगळीकडे होती.

आधीच कुणीतरी कागद डकवलेली अशीच एक तबकडी गोदलीवनं बारा वर्षांपूर्वी बंदरातून आणली होती. तिला सगळे ‘नावाड्याचं गाणं’ म्हणत. नाव फिरमिननं ठेवलं. तो स्वतः जन्मभर नदीवर, माणसं पलीकडे पोचवणारी होडी चालवत आलेला. पहिल्यांदा गाणं ऐकलं तेव्हा तो म्हणाला होता, की हा माणूस नक्की आपल्या धंद्यातला आहे. धुक्यात पलीकडच्या काठाला हाक मारल्याशिवाय आवाजाला असा दम येत नाही. मग त्या नावाड्याचं वर्णनही तयार झालं. उंच, आडव्या हाडाचा, बायको सोडून गेलेली, दारूला स्पर्श नाही. रविवार कितीही रंगला तरी नावाड्याचं गाणं झाल्याशिवाय कुणी घरी जात नसे.

गेल्या हिवाळ्यात ओल येऊन कागद सुटला आणि खाली नाव दिसलं. वर्नेल हॅचर. गावात आनंदीआनंद झाला. ब्रुसेल्सच्या एका दलालानं अमेरिकेत क्लीव्हलंडपर्यंत शोध घेतला, माणूस जिवंत आहे आणि यायला तयार आहे असं कळवलं, तारीख दिली, आणि त्यापलीकडे एक अक्षर लिहिलं नाही. गेंटच्या ज्या वादकांना साथीला बोलावलं होतं त्यांना त्यानं मूळ गतीतल्या गाण्याची कॅसेट परस्पर पाठवली. वर्नेल हॅचर कोण आहे हे त्या वादकांना ठाऊक होतं, पण त्यांना कुणी विचारलंच नाही.

तर ऑक्टोबरातल्या त्या रविवारी, दुपारच्या जेवणाआधी, मोटार कॅफेसमोर थांबली. अगोदर एक सडपातळ तरुण उतरला, खांद्यावर ध्वनिमुद्रणाचं यंत्र लटकवलेला. मागून हिरवा कोट घातलेली एक भरदार काळी बाई उतरली. पंचेचाळिशीची असेल. फिरमिन फुलं घेऊन पुढे झाला, बाईला वाकून वाट करून दिली, आणि मोटारीत डोकं घालून मागच्या सीटवर बघू लागला.

“मेनेर हॅचर कुठायत? हॅचरसाहेब?” त्यानं विचारलं.

“मीच हॅचर,” तरुण म्हणाला. “डेलमार हॅचर. आणि ही माझी आत्या, वर्नेल.”

फिरमिनच्या हातातली फुलं तशीच राहिली. दारात उभ्या असलेल्या गोदलीवच्या डोळ्यांसमोर वरची खोली आली. तिथं तिनं सकाळीच आरशाखाली दाढीचा साबण, ब्रश आणि सिगारची पेटी मांडून ठेवली होती. आता धावत जाऊन ते उचलणं शक्य नव्हतं. बाई वर गेली आणि थोड्या वेळानं तिचं हसू खाली ऐकू आलं. मोकळं, पोटातून आलेलं हसू होतं. गोदलीवला हायसं वाटलं. या बाईशी आपलं जमेल असं तिला वाटलं, आणि तिनं बिअरमध्ये शिजवलेलं मटण आणि बटाट्याच्या काचऱ्या स्वतःच्या हातानं वाढल्या.

तीन वाजता कॅफेत पाय ठेवायला जागा नव्हती. गेंटचे वादक कोपऱ्यात वाद्यं लावत होते. पाहुणीचा मान म्हणून गोदलीवनं ठरवलं, आधी तबकडी लावायची आणि मग बाईंनी गायचं. तिनं कळ पिळली, सुई टेकवली. पहिल्या सुरालाच सगळी खोली उठली आणि झुलू लागली. काउंटरशी बसलेल्या वर्नेलनं हसतच मान डोलवली. मग आवाज सुरू झाला आणि तिची मान थांबली.

“हा कोण गातोय?” तिनं विचारलं.

“तुम्हीच की,” गोदलीव म्हणाली.

वर्नेलनं पुढच्या दोन ओळी ऐकल्या. शब्द तिचे होते. तिचा चेहरा असा झाला की जणू भर रस्त्यात कुणी तिच्या अंगावर हात टाकला होता.

“बंद करा ते.”

गोदलीवनं आयुष्यात माणसं नाचत असताना तबकडी उचलली नव्हती. गावचा मेयर दारात कोसळला होता तेव्हाही गाणं संपल्यावरच तिनं डॉक्टरला बोलावलं, असं लोक सांगत, आणि ते फारसं खोटं नव्हतं. तिनं वर्नेलकडे पाहिलं आणि हात बांधून उभी राहिली. गाणं शेवटापर्यंत वाजलं. तोवर वर्नेल स्वयंपाकघरात निघून गेली होती आणि डेलमार तिच्या मागोमाग.

गोदलीव आत गेली तेव्हा डेलमारची अट तयारच होती. ही थट्टा झाली आहे, तिची माफी मागायची. तबकडी यापुढे कधीही अशी लावणार नाही असा शब्द द्यायचा. मग आत्या गाईल, तबकडीवर मुळात जसं आहे तसंच, त्याच घाईत, आणि तो ते मुद्रित करून घेऊन जाईल. क्लीव्हलंडच्या रेडिओवर त्याची ओळख होती. युरोपनं डोक्यावर घेतलेली आपल्या गावची बाई, असं म्हटलं की तिकडचे लोक ऐकतील. शब्द देणार नसाल तर आत्ता मोटार बोलावतो, असं तो म्हणाला.

बाहेर आजूबाजूच्या गावांची माणसं दाटीवाटीनं उभी होती. नावाड्याचं गाणं गेलं तर रविवारातलं काय उरेल, याचा हिशेब गोदलीवला क्षणात झाला. आणि गायिकेला न गाताच घालवलं तर ती माणसं तिला जन्मभर ऐकवतील, हेही तिला दिसलं. पण माफी मागायच्या आधी तिला एक गोष्ट समजून घ्यायची होती.

“यात थट्टा कसली?” तिनं वर्नेललाच विचारलं.

वर्नेल खिडकीकडे तोंड करून बोलली. सतरा-अठरा वर्षांपूर्वी तिनं ते गाणं स्टुडिओत म्हटलं, तेव्हा कंपनीचा मालक काचेमागून बाहेर आला आणि म्हणाला, की पोरी, तुझा आवाज ट्रक चालवणाऱ्याचा आहे. शाळकरी पोरांना मायक्रोफोनवर शाळकरी पोरगीच हवी असते. मग त्यांनी टेप जास्त वेगानं पळवली. आवाज पातळ झाला, उंदरासारखा चिवचिवाट करू लागला, आणि तीच तबकडी तिच्या नावानं बाजारात गेली. ती खपली नाहीच. पण वाईट पुढेच होतं. कार्यक्रमाला उभी राहून तिनं तोंड उघडलं की लोक हसायचे. ही ती नव्हेच, म्हणायचे, कुणीतरी पुरुष आणून उभा केलाय. तिनं गाणं सोडलं. आता ती इस्पितळाच्या धोबीखान्यात काम करत होती, आणि चर्चमध्ये तिला गायला पुरुषांच्या रांगेत उभं करत.

“इतक्या लांब मला बोलावून तुम्ही तेच ऐकवलंत,” ती म्हणाली. “बाई, मी इथं पुरुष होऊन उभी राहायला आले नव्हते.”

गोदलीवला तिचं दुःख कळलं. तितकंच हेही कळलं की आपण जे केलं ती थट्टा नव्हे. कंपनीच्या मालकाचा तिला इतका संताप आला की तो समोर असता तर तिनं सैनिकांकडून शिकलेलं सगळं इंग्रजी त्याच्यावर ओतलं असतं. पण समोर डेलमार होता, आणि तो घड्याळ बघत म्हणत होता, की शिवाय इतकं रेंगाळलेलं गाणं अमेरिकेत कोण ऐकेल, तुमच्याकडे लोक काय प्रेतयात्रेत नाचतात का?

“हो,” गोदलीव म्हणाली.

डेलमारनं घड्याळावरून मान वर केली.

“माझ्या नवऱ्याला शुक्रवारी पुरला आणि रविवारी मी हे गाणं लावलं. लोक नाचले. मीही नाचले, बाहेरच्या त्या फिरमिनबरोबर, आणि रडून त्याचा सदरा भिजवला. घाईच्या गाण्यावर माणसाला तेवढंही करता येत नाही.” मग ती वर्नेलकडे वळली. “हा आवाज कुणाचा आहे हे मला माहीत नव्हतं. ती माझी चूक. तुम्ही पुरुष आहात असं समजून खोलीत साबण मांडला, ती तर फारच मोठी चूक. त्यांची माफी मागते. पण तो आवाज आम्हाला आवडला, त्याची माफी मी मागणार नाही. तुमच्याकडे त्या आवाजाला हसले. इथं बारा वर्षांत कुणी हसलेलं नाही. आता जायचं असेल तर जा.”

बाई खरंच निघून गेली तर बाहेर काय सांगायचं हे तिला ठाऊक नव्हतं. ठाऊक नसलं तरी एकही शब्द मागे घ्यायची तिची तयारी नव्हती.

वर्नेल खिडकीपासून वळली. मग म्हणाली, पुन्हा लावा. दार उघडं ठेवा.

गोदलीवनं तबकडी पुन्हा लावली. आपलं आवडतं गाणं लागोपाठ दुसऱ्यांदा लागलं म्हणून नाचणाऱ्यांना आश्चर्य वाटलं, पण त्यांनी कारण विचारत वेळ घालवला नाही. वर्नेल स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी राहिली. समोर एक म्हातारं जोडपं डोळे मिटून जागच्या जागी झुलत होतं. वीटभट्टीवरची एक पोरगी आपल्या आईबरोबर नाचत होती. कुणीही त्या आवाजाकडे कुतूहलानं बघत नव्हतं. जन्मापासून घरात असलेल्या माणसाकडे कुणी बघत नाही, तसे ते त्याच्या सोबत होते.

“मी इतकं संथ म्हटलं नव्हतं,” गाणं संपल्यावर वर्नेल म्हणाली. “ही काही मी नव्हे. पण माझ्या शेजारच्या घरात राहणारी असावी. ती दुसरी, चिवचिवणारी, तिला तर मी कधी भेटलेच नाही.”

आणि तिनं कोट काढून गोदलीवच्या हातात दिला.

गेंटच्या वादकांनी कॅसेट ऐकून अगदी चोख तयारी केली होती. त्यांनी धडाक्यात सुरुवात केली. वर्नेलनं हात वर केला. ते थांबले. पुन्हा सुरू करायला लागले तर तिनं पुन्हा हात वर केला आणि तो खाली घेतलाच नाही. मग साथीशिवायच, पायानं फरशीवर ताल धरून, तिनं गाणं सुरू केलं.

आवाज त्यांच्या नावाड्याचाच होता, पण त्याला धार होती. तबकडीवर तो ओल्या घोंगडीसारखा जड येत असे. इथं तो जिवंत होता, मध्येच चिडत होता, मध्येच कुणाची तरी टर उडवत होता. आणि त्याची गती ना कंपनीची होती, ना वेस्टरडोंकची. नाचणारे दोन पावलांतच अडखळले. ज्या जागी बारा वर्षं पाय थांबत होते त्या जागी गाणं पुढे निघून गेलेलं असे. माणसं एकमेकांच्या बुटांवर चढू लागली.

“सावकाश, बाई,” फिरमिन खोलीच्या मधूनच ओरडला. “हे असं नाहीये.”

दहा जणांनी माना डोलावल्या. या फ्लेमिश मुलखातल्या माणसाला त्याचं आवडतं गाणं कसं आहे हे गाणाऱ्यानं येऊन सांगितलेलं खपत नाही. दुसरीकडून डेलमार हातानं खुणावत होता, घाई कर, आत्या, घाई कर.

वर्नेलनं गाणं थांबवलं आणि फिरमिन काय म्हणाला ते गोदलीवकडून समजून घेतलं.

“माझं गाणं कसं आहे ते मला तिकडेही सांगितलं गेलं,” ती म्हणाली. गोदलीव शेजारी उभी राहून तिचे शब्द फ्लेमिशमध्ये सांगत गेली. “कंपनीनं माझा आवाज पळवला, कारण तिला तो विकायचा होता. तुम्ही तो ओढून धरलात, कारण तुम्हाला नाचायचं होतं. तुमच्यावर माझा राग नाही. तुम्ही निदान त्याला हसला नाहीत. पण आज मी इथं आहे. आज माझ्या मागून या, नाहीतर बसून घ्या.”

शेवटचं वाक्य गोदलीवनं जरा जास्तच जोरात सांगितलं. कुणी हललं नाही. नाचायला आलेली शंभरेक माणसं हात खाली सोडून उभी होती आणि फिरमिनच्या कानशिलापर्यंत लाली चढली होती. वर्नेल गाणं पुढे सुरू करायला मोकळी होती, पण रिकाम्या फरशीसमोर. असल्या फरशीसमोर ती पूर्वी उभी राहिली होती, आणि मग तिनं गाणं सोडलं होतं. गोदलीवनं तिच्याकडे पाहिलं. बाईची हनुवटी वर होती, पण तिची नजर गोदलीवच्या हातातल्या कोटाकडे गेली होती.

गोदलीवनं हातातला कोट काउंटरवर ठेवला, सरळ फिरमिनपाशी गेली आणि त्याचं मनगट धरलं.

“मला नाही येत ते,” फिरमिन पुटपुटला.

“मला तरी कुठं येतं? चल.”

वर्नेलनं सुरुवातीपासून म्हटलं. ती दोघं वाईट नाचली. गोदलीवनं त्याच्या पायावर पाय दिला, त्यानं तिला टेबलावर नेऊन आपटलं, भिंतीपाशी कुणीतरी खिदळलं आणि गोदलीवनं त्याच्याकडे पाहताच गप्प झालं. दुसऱ्या कडव्यापर्यंत तिला समजलं की थांबायची जागा हरवलेली नाही, फक्त आधी येते. ती फिरमिनला तिथं ओढू लागली. मग वीटभट्टीवरची पोरगी आईला घेऊन उतरली. मग ते म्हातारं जोडपं. ड्रमवाल्याला कधीतरी ताल सापडला आणि मागून बाकीचे वादक एकेक करून आले. गाणं संपलं तेव्हा अर्धी फरशी भरलेली होती. उरलेले अर्धे लोक भिंतीला टेकून तोंड वाकडं करून उभे होते, आणि त्यांतल्या काहींनी ते शेवटपर्यंत सरळ केलं नाही.

वर्नेल काउंटरशी आली, पाणी प्यायली आणि तिनं गोदलीवला सरळच विचारलं, पुढच्या रविवारी तबकडी कशी लावणार?

खोटं बोलणं सोपं होतं. बाई आता जिंकलेली होती, तिला दोन गोड शब्द ऐकायचा हक्क होता.

“आमच्यासारखीच,” गोदलीव म्हणाली. “संथ.”

“आज एवढं होऊनसुद्धा?”

“आजचं आजचं. तुम्ही असाल तेव्हा तुमच्या मागून येऊ. तुम्ही नसताना आमचे पाय आमचे.”

वर्नेल हसली. तबकडीत कुठंच नव्हतं इतक्या खोलातून ते हसू आलं. तिनं गोदलीवच्या पाठीवर थाप मारली, आणि ती थाप धोबीखान्यात ओल्या चादरी पिळणाऱ्या हाताची होती.

डेलमार त्या दोघींजवळ आला. त्याचा चेहरा पडलेला होता. तो वाईट माणूस नव्हता. आत्याचं नाव व्हावं असं त्याला मनापासून वाटत होतं आणि ते कसं होतं याची त्याला एकच रीत माहीत होती. त्यानं मध्येच यंत्र बंद केलं होतं. तो समजावणीच्या सुरात म्हणाला, अजून वेळ आहे, वादकांना मूळ गाणं येतं, एकदाच तबकडीसारखं म्हण. फक्त तिकडच्यासाठी.

“आत्या, हे असं नेलं तर ते पुन्हा तेच म्हणतील. पुरुष गातोय म्हणतील.”

“म्हणू देत,” वर्नेल म्हणाली. “आणि विचारलं तर माझं नाव सांग. ते यंत्र चालू कर.”

ती परत फरशीच्या मध्यावर जाऊन उभी राहिली. तिनं वादकांना ताल दाखवला, आधीचाच, रेसभरही इकडेतिकडे नाही. डेलमारनं खांद्यावरचं यंत्र पुढे ओढलं आणि बटण दाबलं.